खाटल्यातली चांदणी

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. बाकीचे नऊ निदान आभाळात तरी असतात. हा घरात येऊन बसतो. जगन्नाथ मास्तर त्या उन्हाळ्यात जाफराबादच्या पलीकडे सासुरवाडीला आले ते आजारी बायको आणि पितळी दुर्बीण घेऊन. बैलगाडीतून उतरताना त्यांनी हात कुणाला दिला, तर दुर्बिणीला. बायको आपली आपण उतरली.

काळ निजामाचा. मास्तर जालन्याच्या एका सरकारी मदरशात उर्दूतून सायन्स शिकवायचे. हैदराबादची डिग्री होती, आणि ती डोक्यावर फेट्यासारखी बांधूनच ते हिंडायचे. नाकाने कांदे सोलणारा माणूस. हेडमास्तर मठ्ठ, शेजारी अडाणी, पोरं गाढवं, आणि बायकोबद्दल तर बोलायलाच नको. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा ‘साळू’ हे नाव ऐकूनच त्यांनी नाक मुरडलं आणि ‘विमल’ असं लिहून टाकलं. तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढे सगळं आयुष्य ती त्या परक्या नावाला ओ देत राहिली.

दुर्बीण छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाच्या लिलावातली. विमलने एकदा भीत भीत विचारलं होतं, “मी बघू का जरा?” मास्तर म्हणाले, “तुला काय कळणार त्यातलं?” तिने पुन्हा विचारलं नाही.

मास्तरांना मात्र एकच ध्यास होता. विलायती मासिकात त्यांनी वाचलं होतं की म्हातारा तारा मरताना फुटतो, काही दिवस साऱ्या आभाळाला दिपवून टाकेल इतका भडकतो आणि मग कायमचा विझतो. असा तारा सगळ्यांच्या आधी आपल्याला दिसावा आणि ‘जगन्नाथ तारा’ म्हणून जगाने तो ओळखावा, एवढंच त्यांना हवं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी वेधशाळेला तशी तारही ठोकली होती. उत्तर एका ओळीचं आलं: तो शनी आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हापासून मदरशातली पोरं त्यांना पाठीमागे ‘शनी मास्तर’ म्हणायची, आणि ते त्यांच्या कानावर येत असे. पुन्हा कधी तारा सापडलाच तर दुसऱ्या कुणाच्या साक्षीशिवाय कळवायचा नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती.

तर हवापालट बायकोचा, पण खरा फायदा मास्तरांचा. जालन्याला स्टेशनचे दिवे. इथे काळंकुट्ट आभाळ आणि चढायला धाब्याचं सपाट माळवद. सासरे धर्मराज शेतकरी माणूस, सासू चतुराबाई दाराआडून बोलणारी, मेहुणा कडूबा होयबा. तिघंही जावयाला जपून असत. विमल अंगणात बाजेवर पडून असायची. खोकला, बारीक ताप, आणि डोळ्यांत एक विनवणी.

मे महिन्यातल्या एका दिवशी तिघं राजूरच्या गणपतीला लेकीसाठी नवस बोलायला निघाले. मुक्काम करून सकाळी परत यायचं होतं. निघताना चतुराबाईने चिमणी घासलेटाने काठोकाठ भरली, उशाशी ठेवली आणि जावयाला ऐकू जाईल असं नवऱ्याला म्हणाली, “त्यांना सांगा, चिमणी विझू देऊ नका म्हनावं. साळू अंधाराला भेती. लहानपणापासून.”

“बिलकुल काळजी करू नका,” मास्तर म्हणाले.

आणि दिवेलागण होऊन पुरता काळोख पडला तसे ते माळवदावर चढले. पण चिमणीचा उजेड भिंतीवरून वर येत होता, डोळ्याला टोचत होता. ते तणतणत खाली आले आणि फुंकर मारली.

“दिवा…” विमल म्हणाली.

“अंधाराला डोळा सरावू दे. सरावला की सगळं दिसतं,” असं म्हणून ते परत वर गेले. मागाहून एकदा खालून “अहो…” अशी हाक आली. ते तारे मोजत होते, त्यांनी ओ दिली नाही. पुन्हा हाक आली नाही, म्हणून त्यांना बरंच वाटलं.

सकाळी नवसाचा प्रसाद घेऊन गाडी दारात आली तेव्हा विमल थंडगार पडली होती. डोळे उघडेच होते, वर लागलेले. चतुराबाईने लेकीच्या अंगावर पडून आकांत केला आणि मग, रडता रडताच, उशाची चिमणी उचलून एकदा हलवून पाहिली. मग होती तिथे परत ठेवली. मास्तरांच्या ते ध्यानातही आलं नाही.

दहाव्याला पूर्णेच्या काठी पिंड झाले. त्या घरात एक जुनी रीत होती. दहाव्याच्या संध्याकाळी परातीत पीठ चाळून सारखं करायचं, शेजारी दिवा ठेवायचा आणि वर बांबूचं डालगं झाकायचं. सकाळी डालगं उचललं की पिठावर काहीतरी उमटलेलं असतं. पाखराचा पाय, गाईचा खूर, कधी बाळाचं पाऊल. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं. मास्तरांनी हे ऐकलं आणि त्यांच्या अंगात सायन्स संचारलं.

या गावंढळांची एकदा चांगली जिरवायची, असं त्यांनी ठरवलं. बाया चुलीपुढे होत्या. मास्तरांनी डालगं उचललं आणि बोटाच्या टोकाने पिठावर सात टिंबं उठवली. चार चौकोनात, तीन त्यामागे तिरकी. सप्तर्षी! गावात त्याला खाटलं म्हणतात: चार तारे म्हणजे म्हातारीची खाट, आणि मागून पाय न वाजवता येणारे तिघं म्हणजे ती खाट पळवायला निघालेले चोर. उद्या सगळे भक्तिभावाने हात जोडतील, आणि मग आपण सांगू की हे माझ्या बोटाचं काम! मास्तरांना नुसत्या कल्पनेनेच हसू फुटलं. बायको जाऊन दहा दिवस झाले होते.

सकाळी डालगं निघालं. चतुराबाई वाकली आणि तशीच राहिली.

“खाटलं हाय,” ती हळूच म्हणाली. “आन् खाटल्यात… कुणीतरी निजलंय.”

मास्तर मोठ्याने हसले. म्हणाले, “सात टिंबं मी काढली! माझ्या या बोटाने! आता तरी डोळे उघडा!”

“सात तुमची,” धर्मराज परातीकडे बघत म्हणाले. “मंग आठवं कुणाचं?”

मास्तरांनी पाहिलं. चौकोनाच्या मधोमध आणखी एक टिंब होतं. बोटाचं नव्हतं ते. त्याला खळगा नव्हता, कड नव्हती. पीठ तेवढ्याच जागी किंचित करपलं होतं, आणि विझवलेल्या वातीचा वास येत होता.

“दिव्याची ठिणगी पडली असेल,” मास्तर म्हणाले. “एवढंही कळत नाही?”

त्या संध्याकाळी, पश्चिमेचा उजेड पुरता ओसरला तसे मास्तर माळवदावर गेले. उत्तरेकडचं आभाळ नीट दिसावं म्हणून त्यांनी आपली बाज उशी दक्षिणेला, पाय उत्तरेला अशी लावून घेतली होती. त्यावर बसून त्यांनी सहज वर पाहिलं.

खाटल्यात एक तारा होता.

त्यांनी डोळे चोळले. दुर्बीण लावली. खाटेच्या चार खुरांच्या मधोमध, जिथे आयुष्यभर त्यांनी काळोखाशिवाय काही पाहिलं नव्हतं, तिथे एक पिवळट ठिपका जळत होता. ग्रह तिथे जाऊच शकत नाही. ग्रहांची वाट वेगळी. या वेळी शनी नव्हता! त्यांना पिठातलं टिंब आठवलं नाही असं नाही. पण तो योगायोग होता, आणि योगायोगाचा विचार अडाण्यांनी करावा.

दुसऱ्या संध्याकाळी तारा दुप्पट झाला होता. तिसऱ्या संध्याकाळी शुक्राला लाजवील असा. मास्तर दुर्बिणीला डोळा लावत आणि प्रत्येक वेळी तोच वास येई. विझल्या वातीचा, घासलेटाचा. खाली वाकून पाहावं तर अंगणात दिवाच नसे. आणि दुर्बिणीत तो ठिपका इतर ताऱ्यांसारखा लुकलुकत नव्हता. मधूनच झाकला जाई आणि पुन्हा उघडा होई, पदराआड धरून कुणी दिवा नेत असावं तसा. ‘हवेचे थर,’ मास्तर स्वतःशी पुटपुटले. पण त्यांनी बंडीची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली. मे महिना होता.

आता साक्ष हवी होती. मास्तर खाली उतरले, तर तिघंही अंगणात मान वर करून बसलेले; जावयाला पाहून चतुराबाई उठून दाराआड गेली. त्यांना दाखवायची गरजच नव्हती.

“दिसतंय ना तुम्हाला?” मास्तरांनी विचारलं.

“कवाचं दिसून राह्यलं,” धर्मराज म्हणाले. “पहिल्या रोजापासून.”

मास्तरांनी मग त्यांना समजावलं, लहान पोरांना समजावतात तसं. तारा मरतो तेव्हाच असा भडकतो. तो खरा मेला कधीच, हजारो वर्षांपूर्वी. उजेड इथवर यायला एवढा वेळ लागतो. आपल्याला आत्ता कळतंय, इतकंच.

दाराआडून चतुराबाईचा आवाज आला. “म्हनावं, आमालाबी उशिराच कळलं. चिमणीत घासलेट तसंच व्हतं. काठोकाठ.”

मास्तरांना कानशिलं तापल्यासारखी वाटली. पण दिवसच थोडे होते; असा तारा आज आहे, उद्या नाही. त्यांनी विषय झटकला आणि धर्मराजांकडे वळले. “कागदावर अंगठा द्या. तुम्ही आणि कडूबा. तुम्हीही पाहिलात, एवढंच लिहीन. ताऱ्याला माझं नाव लागेल.”

“देतो की,” धर्मराज म्हणाले. “पण नाव साळू लावा. आमची लेक हाय ती.”

“साळू?” मास्तरांना हसू आवरेना. “विलायतेत छापून येणार हे! साळू! सगळं जग हसेल. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ते खोटं नाही.”

“एकदा पुसलंत तिचं नाव,” दाराआडून आवाज आला. या वेळी तो नवऱ्याला उद्देशून नव्हता. “आता तरी ऱ्हाऊ द्या.”

धर्मराजांनी अंगठा दिला नाही. कडूबाने बापाकडे पाहिलं आणि त्यानेही दिला नाही. मास्तर तरातरा वर गेले. अडाण्यांची साक्ष! यांच्या अंगठ्यासाठी मी थांबू? शपथ होती ती त्यांनी मोडली. सकाळच्या सर्व्हिस मोटारीने जालन्याला गेले, स्टेशनवरून तार केली: सप्तर्षीच्या चौकोनात नवा तारा, शोधक जगन्नाथ. साक्षीदार म्हणून धर्मराजांचं नाव त्यांना न विचारता घातलं. उन्हं कलताना ते परत आले तेव्हा अंगावर धूळ होती आणि चेहऱ्यावर विजय.

अंधार पडला. मास्तरांनी वर पाहिलं.

खाटलं रिकामं होतं.

त्यांनी दुर्बीण लावली, काच पुसली, पुन्हा लावली. काही नाही. एवढा पेटलेला तारा एका दिवसात असा विझत नाही; मासिकात तसं कुठेच नव्हतं. हळूहळू मंदावत जायला हवा होता, आठवडे, महिने. आत्ता तिकडे वेधशाळेत मोठमोठ्या दुर्बिणी त्या रिकाम्या जागेकडे वळत असतील. पुन्हा एका ओळीचं उत्तर येईल. पुन्हा मदरसा, पुन्हा ती पोरं. मास्तर शिडीवरून खाली आले. ज्यांना ते माणसांत धरत नव्हते त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला तरी विनवलं.

“तुम्हाला दिसतोय का? दाखवा ना मला… कुठे गेला?”

धर्मराजांनी शांतपणे वर पाहिलं. “न्हाई दिसत. उठली ती.”

“उठली म्हणजे?”

“खाटल्यावरून उठली. आली आसंल खाली.”

अंगणात वारा नव्हता. तरी तो वास आला, अगदी जवळून, मास्तरांच्या मानेपाशी. ते गर्रकन वळले. मागे कुणी नव्हतं. विमलची रिकामी बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

“दाजी,” कडूबा म्हणाला. त्याचं बोट वर होतं. “ते बघा… चोर चार हायेत.”

मास्तरांनी पाहिलं. तीन चोरांची तिरकी ओळ, आणि तिच्या शेवटी, थोडासा मागे रेंगाळलेला, बारीक तांबूस असा चौथा. काल नव्हता तो. कालच काय, कधीच नव्हता! मास्तरांना रडू की हसू असं झालं. जागा थोडी चुकली एवढंच. उद्या दुसरी तार, दुरुस्तीची. नवा तारा तो नवा तारा!

“दिसतोय ना? सगळ्यांना दिसतोय?”

“ह्यो बराबर दिसतो,” धर्मराज म्हणाले.

“अंगठा द्याल?”

“देतो की. आणा कागद.”

त्यांनी दिला. कडूबानेही दिला. एवढ्या लवकर कसे तयार झाले हे विचारावं, असं मास्तरांना वाटलंच नाही. त्यांनी ओली शाई फुंकरीने वाळवली. “आणि नाव?”

तेव्हा चतुराबाई दाराबाहेर आली. जावयासमोर ती कधी उभी राहिली नव्हती. आज राहिली, डोक्यावरचा पदर न ओढता, सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत. त्या नजरेत राग नव्हता. ओट्यावर चुकून आलेल्या कुत्र्याकडे बघावं तशी ती बघत होती.

“नाव तुमचंच लावा, जावईबापू,” ती म्हणाली. “ह्यो तुमचाच हाय.”

मग ती आत गेली. तिच्यामागे धर्मराज गेले, कडूबा गेला. उन्हाळ्यात त्या घरात कुणी आत निजत नसे, पण आतून कडी लागल्याचा आवाज आला. मास्तर अंगणात एकटेच उरले. या लोकांना रीतभात ती नाहीच, असं मनाशी म्हणत ते कागद खिशात घालून शिडी चढले.

माळवदावर त्यांची बाज फिरवलेली होती. उशी उत्तरेला, पाय दक्षिणेला.

ते थबकले. पाय दक्षिणेला करून कोण झोपतं, आणि कुणाला तसं निजवतात, हे सायन्सच्या मास्तरालाही माहीत होतं. पण वर कुणी आलं नव्हतं. शिडी एकच, आणि ती सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. “दिशा म्हणजे माणसांनी दिलेली नावं,” ते मोठ्याने म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. त्यांनी बाज ओढून पुन्हा सरळ केली आणि दुर्बिणीला डोळा लावला. चौथा चोर मघापेक्षा ठळक झाला होता. बघता बघता वाढत होता. मास्तर मोजत राहिले, किती वेळ ते त्यांनाही कळलं नाही. मान अवघडली तेव्हा ते टेकायला म्हणून मागे वळले.

बाज पुन्हा फिरली होती.

या वेळी त्यांनी ती सरळ केली नाही. का, ते सांगता येत नाही. दमले असतील, किंवा भ्याले असं कबूल करायची लाज वाटली असेल. “असू दे,” ते पुटपुटले आणि होती तशीच तिच्यावर आडवे झाले, दक्षिणेला पाय पसरून.

माळवद केव्हाच निवलं होतं. बाजेचा सुंभ दोन्ही कडांना गार लागत होता. फक्त मधोमध, पाठ टेकते तेवढ्या जागी, तो ऊन होता. कुणी आत्ताच उठून त्यांना जागा करून दिली होती.